मेगापिक्सेल मोजण्याआधी पिक्सेल पाहावा

कॅमेऱ्याची चर्चा मेगापिक्सेलच्या आकड्यावरच संपते, याची मला मनापासून खंत वाटते; कारण छायाचित्रातला बारकावा पिक्सेलच्या संख्येइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, पिक्सेलच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असतो.

36 × 24 मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, 2.4 कोटी पिक्सेल, म्हणजे प्रकाश गोळा करणारे कप्पे, बसवले, तर प्रत्येकाची रुंदी सुमारे 6 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. फोनच्या अनेक सेन्सरांत ती 0.8 मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते, म्हणजेच प्रकाश गोळा करणारे क्षेत्रफळ पन्नास पटींहून अधिक घटते. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजूनमापून येत नाहीत. सरासरी 10,000 फोटॉन येत असतील, तर त्यात साधारण 100 चा, म्हणजे एक टक्का चढउतार होतो. 100 च येत असतील, तर तो 10 चा, म्हणजे दहा टक्के होतो. मंद प्रकाशात हाच चढउतार रवाळपणा म्हणून दिसतो आणि तो घालवताना सॉफ्टवेअर केसांच्या बटा व पानांच्या शिराही पुसून टाकते.

म्हणूनच मला पाठीमागून प्रकाश घेणाऱ्या सेन्सरचे मोल फार वाटते. पूर्वी धातूच्या जोडण्यांचे थर, प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या फोटोडायोडच्या वर असत आणि प्रकाशाचा काही भाग तेथेच अडे. सोनीने 2009 मध्ये बाजारात आणलेल्या सेन्सरांत ही मांडणी उलटी करून जोडण्या खाली ठेवलेल्या होत्या. पुढे पिक्सेल लहान होत गेले, तसे एकाचा प्रकाश शेजारच्यात झिरपू नये म्हणून सिलिकॉनमध्ये खोल चर खणून त्यांच्यामध्ये आडभिंती उभारण्यात आल्या.

रंगांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या 1976 च्या पेटंटमधील रचनेत निम्मे पिक्सेल हिरवा, तर प्रत्येकी पाव लाल आणि निळा रंग टिपतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अदमासाने काढले जातात. बारीक विणीच्या कापडावर, मुळात नसलेले रंगीत पट्टे उमटतात ते बहुधा याच अदमासामुळे. क्वाड बायर रचनेत तर चार-चार शेजारी पिक्सेलांवर एकाच रंगाचा फिल्टर असतो. मंद प्रकाशात चौघांचा संकेत एकत्र केला की 48 मेगापिक्सेलचा सेन्सर 12 चे, पण स्वच्छ चित्र देतो. माझ्या मते ही तडजोड योग्यच आहे. मात्र भरपूर उजेडातही त्याचे 48 मेगापिक्सेल साध्या बायर सेन्सरच्या तोडीचा रंगतपशील देत नाहीत.

शिवाय भिंगाचीही मर्यादा आहेच. एफ/1.8 छिद्राचे निर्दोष भिंगसुद्धा विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, हिरव्या प्रकाशाचा बिंदू सुमारे 2.4 मायक्रॉन रुंद पसरवते, म्हणजे रुंदीत 0.8 मायक्रॉनचे तीन पिक्सेल तो एकटाच व्यापतो. त्यामुळे पिक्सेल आणखी बारीक करण्यापेक्षा आहे त्याच जागेत त्याची क्षमता वाढवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सोनीने 2021 मध्ये जाहीर केलेल्या रचनेत फोटोडायोड आणि त्याचा संकेत हाताळणारे ट्रान्झिस्टर वेगवेगळ्या थरांत ठेवले आहेत, आणि त्यामुळे पिक्सेलची विद्युतभार साठवण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाल्याचे कंपनीने सांगितले होते.