रायबंदरचा पूल पाहायचा तर ओहोटीला

कुडाळहून मावशी आली होती, तिला पणजी-रायबंदरचा जुना पूल दाखवायचा होता. बसमधून निम्मं अंतर आलो तरी ती विचारत होती, "पूल खंय गो?" आपण पुलावरच आहोत म्हटल्यावर तिला पटेना. वरून तो साधा रस्ताच वाटतो: एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. त्यात भरती असल्यामुळे कमानी बुडालेल्या. त्या दिवशी तशाच परतलो.

दोन दिवसांनी भरती-ओहोटीची वेळ बघून सकाळी सातला पणजीतल्या पाटोच्या टोकाकडून चालत निघालो, तेव्हा कुठे पूल दिसला. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बुटक्या, रुंद कमानी, खाली ओला चिखल. कमानीच्या पोटात चिऱ्यांना भोकंच भोकं, त्यात कालवं घट्ट चिकटलेली. मावशी वाकून बराच वेळ बघत राहिली. तिच्या माहेरचं घरही चिऱ्याचंच.

लिन्यारेसचा काउंट दों मिगेल द नोरोन्या गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये हा पूल बांधला. लांबी सुमारे तीन किलोमीटर, आणि तीही दलदलीतून. चिखलात लाकडाचे ओंडके घालून त्यावर बांधकाम उचललं. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं, हवा लागली नाही, की ते सहसा कुजत नाही. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, तासायला सोपा. वारा लागला की कडक होतो. तो ताण सोसत नाही, दाब मात्र सोसतो, म्हणून कमान: तिच्यात वरचं वजन दाब होऊनच खाली उतरतं. नुसता बांध घातला असता तर भरतीचं पाणी अडलं असतं. कमानींमुळे ते आत-बाहेर खेळतं. एवढा विचार करून बांधलेल्या पुलावरून आज बसगाड्या धावतात आणि वर बसलेल्यांना खाली कमान आहे हेही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ आधी बघावी, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुलावर सावली नाही. नऊच्या आत चालणं उरका, टोपी-पाणी घ्या. गाड्या अगदी अंगाजवळून जातात, लहान मुलांचा हात सोडू नका. खाली उतरायचा मोह टाळा, चिखल पाय धरून ठेवतो. मिठागराच्या बांधावर जायचं तर तिथल्या माणसांना विचारून.

चालून दमलात तर रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण बेटाची फेरीबोट घ्या. आम्ही घेतली. बोट सुटल्यावर मावशी कठड्याला टेकून पणजीच्या दिशेनं बघत कमानी मोजत होती. पंधरापर्यंत मोजल्या, मग बोट लांब गेली.