उलटे टाके

"आईंचा उजवा खांदा धरलाय का हो?"

दांडिया बाजारातल्या आमच्या शिंपीकाकांनी मापाचा ब्लाउज उलटा करत विचारलं. मी बघतच राहिले. आई घरात कुणापाशी काही बोलली नव्हती.

काकांनी मुंढा दाखवला. उजव्या बाजूची शिवण उसवून सैल केलेली, वर हातानं टाके. "हे बघा, तिरपे उलट्या बाजूला गेलेत. डाव्या हातानं घातलेत."

संध्याकाळी आईला विचारलं. "हात वरच जात नाही गं," म्हणाली.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. रहस्यकथांत मला पोलिसांपेक्षा भलत्याच धंद्यातले हेर आवडतात, ते यासाठीच. चेस्टरटनचा फादर ब्राऊन १९१०च्या पहिल्याच कथेत पाद्र्याच्या वेषातला चोर पकडतो. का, तर तो तर्कबुद्धीला नावं ठेवतो, आणि खरा पाद्री असं बोलणार नाही! एलिस पीटर्सचा ब्रदर कॅडफेल बाराव्या शतकातल्या मठात औषधी झाडं लावतो. 'मंक्स हूड'मध्ये त्यानंच सांधेदुखीवर केलेलं बचनागाच्या जातीचं तेल कुणीतरी जेवणात कालवतं. मग ते विष त्याच्याइतकं कोण ओळखणार?

यांच्याकडे ना वर्दी, ना प्रयोगशाळा. रोजच्या कामानं घडवलेली नजर तेवढी असते, आणि समोरचा माणूस त्यांच्यापुढे बेसावध असतो. पोलिसापुढे कोण बेसावध असतं?

मराठीत शिंपी, सुईण, कल्हईवाला किंवा लग्नं जुळवणारे गुरुजी हेर म्हणून कुणी वाचलेत का? असतील तर नावं सांगा, मला खरंच वाचायचंय.