गाडी नाही त्यांनी कशाने जायचं?

ह्यूस्टनला राहायला आल्यापासून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की राग येतो. हरिकेनची बातमी आली, टीव्हीवर छपरावर बसलेली माणसं दिसली की कुणीतरी म्हणतंच, "अहो पण सांगितलं होतं ना त्यांना निघा म्हणून, मग गेले का नाहीत?" म्हणणारी माणसं वाईट नसतात, आपलीच असतात, गणपतीच्या मीटिंगला शेजारी बसलेली असतात. पण या प्रश्नाला खरंच उत्तर आहे, त्यावर चौकश्या झाल्यात, रिपोर्ट आलेत, कधीचं सगळं नोंदलेलं आहे, तरी आपण दर सीझनला तेच विचारतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

२००५ चं कॅटरिना वादळ घ्या. इशारा मिळाला नाही असं तिथे कुणीच म्हणू शकत नाही. २८ ऑगस्टला रविवारी सकाळी लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सच्या हवामान कार्यालयातून जे बुलेटिन निघालं ते आज वाचलं तरी पोटात गोळा येतो. बराचसा भाग कित्येक आठवडे, कदाचित त्याहूनही जास्त, राहण्यालायक उरणार नाही, आणि पाण्याच्या टंचाईने माणसांचे आजच्या काळात कुणी पाहिले नसतील असे हाल होतील, असं त्यात सरळ लिहिलं होतं. हवामान खातं एरवी असं बोलत नाही. रॉबर्ट रिक्स नावाच्या फोरकास्टरने ते लिहिलं आणि पुढे जवळजवळ तसंच घडलं. म्हणजे शास्त्रज्ञांनी आपलं काम चोख केलं होतं.

त्याच्या पुढचं काम कुणाचं होतं? मेयर रे नेगिन यांनी शनिवारी लोकांना बाहेर पडा असं सांगितलं पण सक्तीचा आदेश निघाला तो रविवारी सकाळी, आणि वादळ किनाऱ्याला धडकलं सोमवारी २९ तारखेला पहाटे. एक अख्खा दिवससुद्धा हातात नाही. हायवेच्या येणाऱ्या लेनसुद्धा शहराबाहेर जायला वापरल्या, कॉन्ट्राफ्लो म्हणतात त्याला, आणि ते मात्र चांगलं जमलं, त्या सगळ्या भागातून दहा लाखांहून जास्त लोक बाहेर पडले. हे यश मी नाकारत नाही. पण ती अख्खी योजना गाडी असणाऱ्यांची होती. न्यू ऑर्लिन्स शहरात लाखभर लोक असे होते की ज्यांच्या घरात गाडीच नव्हती, आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. आदल्याच वर्षी, जुलै २००४ मध्ये, 'हरिकेन पॅम' नावाचं काल्पनिक वादळ धरून लुईझियानात मोठा सरकारी सराव झाला होता, त्यात शहर पाण्याखाली जाणार, हजारो माणसं मागे राहणार आणि मरणार हे सगळं मांडून झालं होतं.

मग गाडी नसलेल्यांसाठी काय होतं तर सुपरडोम. सिटीच्या बस लोकांना गोळा करून स्टेडियमवर नेऊन सोडत होत्या, शहराच्या बाहेर नाही, शहराच्या मधोमध. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या पिवळ्या स्कूलबसच्या रांगांचा तो फोटो तुम्ही बघितला असेल, बस होत्या पण त्या चालवणार कोण आणि लोकांना न्यायचं कुठे हेच कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. सोमवारी शहराला पाण्यापासून राखणारे बांध फुटले, १७ व्या स्ट्रीटचा कॅनॉल, लंडन अव्हेन्यू, इंडस्ट्रियल कॅनॉल, आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

आता तारीख बघा. २९. महिन्याची २९ तारीख. पेन्शन, डिसॅबिलिटीचा चेक, हे सगळं यायचं ते १ तारखेच्या आसपास, आणि महिन्याच्या शेवटी गरीब घरात किती पैसे असतात हे आपल्यातल्या ज्यांनी चाळीत दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. गाडी आहे असं धरलं तरी टाकी भरायची, जवळची सगळी मोटेल फुल्ल म्हणजे आणखी दोनशे-तीनशे मैल जायचं, चार-पाच दिवस खोलीचं भाडं, घरातल्या सगळ्यांचं बाहेरचं खाणं, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच, वर परत आल्यावर नोकरी असेलच याची खात्री नाही. त्यात आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आयव्हन आलं होतं, तेव्हाही हेच सांगितलं होतं, लोक तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकले, असतील नसतील ते पैसे खर्च केले, आणि वादळ वळून अलाबामाला गेलं. एकदा हात पोळलेला माणूस दुसऱ्यांदा उधार घेऊन निघायला धजत नाही, त्यात अडाणीपणा कसला?

माझ्या आधीच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात एक बाई होत्या, मूळच्या न्यू ऑर्लिन्सच्या, पूर आल्यावर बसने ह्यूस्टनला आणून अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये ठेवलेल्या हजारो लोकांतल्या एक, मग इथेच राहिल्या. एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी सांगितलं होतं, घरात नऊ माणसं, गाडी एकच आणि ती भावाची, त्यात फार तर सहा जण बसणार. शनिवारी रात्री सगळे किचनमध्ये बसले, कोण जाणार कोण राहणार. आईला डायबेटिस, तिचं इन्शुलिन बर्फाच्या डब्यात ठेवलेलं, ती म्हणाली मी म्हातारी राहते तुम्ही जा, मग मोठी मुलगी म्हणाली मी आजीला सोडून जाणार नाही, तिच्या मागोमाग सगळेच राहिले. काउंटर पुसता पुसता त्या हे सांगत होत्या, आवाज जरासुद्धा न चढवता. वरून बघणाऱ्याला हे नऊ लोक 'इशारा न ऐकणारे' दिसतात. माझ्या घरी माझी आई असती तर मी काय केलं असतं? तुम्ही काय केलं असतं?

आणि ही गोष्ट एकट्या त्यांची नाही. लुईझियानात कॅटरिनाने जे मेले त्यांच्यातले जवळजवळ निम्मे ७५ वर्षांच्या पुढचे होते. ही माणसं हट्टाने पार्टी करायला मागे थांबलेली नव्हती. तरी पाणी ओसरायच्या आत, त्याच आठवड्यात, फेमाचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती खात्याचे, तेव्हाचे प्रमुख मायकेल ब्राउन टीव्हीवर म्हणाले की बरेचसे मृत्यू इशारा न ऐकल्यामुळे झाले. आजही ते आठवलं की संताप होतो. कारण त्याच दिवसांत काही लोक खरोखरच चालत निघाले होते, मिसिसिपीवरचा पूल ओलांडून पलीकडे ग्रेटनाला जायला, आणि पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी बंदुका घेऊन त्यांना अडवलं, हवेत गोळीसुद्धा झाडली, आणि मागे फिरवलं. बहुतेक काळी माणसं होती ती.

अजून एक गोष्ट आहे विश्वासाची, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. १९२७ च्या महापुरात न्यू ऑर्लिन्स शहर वाचवायचं म्हणून कारनार्व्हनला बांध डायनामाइटने उडवून दिला होता, त्याने सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स भागातल्या गरीब लोकांची घरंदारं पाण्याखाली घातली, भरपाई देऊ म्हणाले ती जवळजवळ काहीच मिळाली नाही. १९६५ ला बेट्सी वादळात लोअर नाइन्थ वॉर्ड बुडाला तेव्हाही लोकांनी तेच मनात धरलं की मुद्दाम फोडला असणार. कॅटरिनाच्या वेळी तसं झालं नव्हतं, बांध निकृष्ट डिझाइनमुळे फुटले, पण ज्या सरकारने तुमच्या आजोबांचं घर बुडवलं ते सरकार सांगतंय घर सोडा आणि आमच्यावर सोपवा, तर माणूस आधी दाराला कुलूप लावून आत बसणारच. हा विश्वास वादळाच्या आदल्या दिवशी प्रेस कॉन्फरन्स घेऊन मिळत नाही.

सुधारणा झाल्याच नाहीत असं मात्र म्हणणार नाही, झाल्या आणि त्या गरिबांच्याच कामाच्या होत्या. प्राणी सोडून जायला तयार नसलेले कितीतरी लोक मागे राहिले होते म्हणून २००६ ला कायदा झाला, पाळीव प्राण्यांची सोय योजनेत धरावीच लागते. न्यू ऑर्लिन्सने गाडी नसलेल्यांसाठी ठरावीक जागी बस पकडायची सोय केली, इव्हॅक्यूस्पॉट म्हणतात, १७ जागा ठरवल्या आणि प्रत्येक ठिकाणी स्टीलचा उंच पुतळा उभा केलाय, हात वर करून बस थांबवणारा माणूस. मी पाहिलाय त्यातला एक. शाळेतल्या पोरालाही कळेल की इथे उभं राहायचं. २००८ ला गुस्ताव्ह आलं तेव्हा शहराने खरंच हजारो लोकांना बस आणि ट्रेनने बाहेर काढलं. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं.

मग २०२१ ला आयडा आलं, नेमकं २९ ऑगस्टलाच. ते इतक्या झपाट्याने वाढलं की मेयर लटोया कँट्रेल यांनी सांगितलं की सक्तीचं इव्हॅक्युएशन करायला वेळच नाही, कॉन्ट्राफ्लो आणि बसची यंत्रणा उभी करायला ७२ तास लागतात. गाडीवाले आपापले गेले, बाकीचे राहिले. यावेळी बांध टिकले पण शहरभर लाइट गेली, कित्येक दिवस, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये जे मेले त्यातले बरेचसे म्हातारे उकाड्याने, बंद घरात, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत गेले. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात कच्च्या घरातल्या लोकांना आधी शाळांमध्ये हलवलं होतं, जीव वाचले, पण श्रीवर्धन-मुरूडकडे मागून कित्येक दिवस ना वीज ना फोन, ते हाल ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांना माहीत आहेत. वादळ पुढे गेलं की बातमीसुद्धा पुढे जाते.

त्याच आयडाचा उरलेला पाऊस न्यू यॉर्कला पोचला तेव्हा ११ माणसं तळघरातल्या खोल्यांमध्ये बुडून मेली, बहुतेक क्वीन्समध्ये, त्यात स्थलांतरित मजूर कुटुंबं. फोनवर अलर्ट वाजला होता की. पण तो येतो इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, आणि घरी नेपाळी किंवा चिनी बोलणाऱ्याला रात्री नुसता भोंगा ऐकू येतो. आणि समजा कळलं, तरी भाडं परवडत नाही म्हणून तळघरात राहणारा रात्री दहा वाजता लेकरं घेऊन कुणाच्या दारात जाणार?

ओडिशाचं उदाहरण मी मुद्दाम देते कारण 'एवढा पैसा कुठून आणायचा' हे उत्तर मला पटत नाही. १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये तिथे सरकारी आकड्यानुसारच दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यानंतर त्यांनी वेगळं प्राधिकरण केलं, किनाऱ्यावर खांबांवर उभे केलेले चक्रीवादळ निवारे बांधले, गावागावात स्वयंसेवक तयार केले. २०१९ ला फनी आलं तेव्हा साधारण १२ लाख लोकांना हलवलं आणि मृत्यू झाले ६४. लाखो मेसेज गेले, भोंगे वाजले, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओळखीचा माणूस दारात आला, ओडियात बोलला, म्हातारीला उचलून बसमध्ये ठेवलं, आणि निवाऱ्यात शिजवलेलं जेवण होतं. अमेरिकेपेक्षा कितीतरी गरीब राज्य आहे ते.

इकडे आमच्या ह्यूस्टनला लोक म्हणतात इव्हॅक्युएशन नकोच, कारण कॅटरिनानंतर चार आठवडे व्हायच्या आतच रिटा आलं तेव्हा २५ लाखांच्या आसपास लोक एकदम रस्त्यावर उतरले, उकाड्यात गाड्या बंद पडल्या, आणि वादळापेक्षा पळताना जास्त माणसं मेली, त्यात डॅलसजवळ पेटलेल्या बसमधली वृद्धाश्रमातली २३ म्हातारी माणसं होती. २०१७ ला हार्वीच्या वेळी म्हणूनच घर सोडायचा आदेश दिला नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण एक बघा, आपण मराठी मंडळी दोन्ही वेळेला कसे निभावलो? कुणी ऑस्टिनच्या मित्राकडे, कुणी डॅलसला मावसबहिणीकडे, लॅपटॉप उघडून तिथूनच काम चालू, क्रेडिट कार्ड खिशात. आपल्याला सरकारने नेलं नाही, आपल्याला आपल्या ओळखींनी आणि पगाराने नेलं.

म्हणून १ जूनला हरिकेन सीझन सुरू व्हायच्या आधी एक काम करा. टेक्सासमध्ये स्टेअर नावाची नोंदणी आहे, ज्यांना वादळात बाहेर पडायला मदत लागेल त्यांची, म्हातारी, आजारी, गाडी नसलेली माणसं, २११ ला फोन करून नाव देता येतं आणि दर वर्षी परत द्यावं लागतं. नाव दिलं म्हणजे गाडी येईलच अशी हमी ते देत नाहीत, हे त्यांनीच लिहिलंय, पण नाव नसेल तर तुम्ही त्यांच्या हिशोबातच नाही. तुमच्या घरी साफसफाईला येणाऱ्या बाईंना, ग्रोसरीच्या मागच्या खोलीत भाज्या निवडणाऱ्या काकांना, मुलाकडे राहणाऱ्या आणि मुलगा ट्रॅव्हलवर असताना एकट्या असणाऱ्या शेजारच्या आजींना विचारा, गाडी आहे का, जायला जागा आहे का, फोनवर येणारा अलर्ट वाचता येतो का. नसेल तर फॉर्म त्यांच्यासोबत बसून भरा, आणि तुमच्या गाडीत एक सीट रिकामी असेल तर ती कुणाची हे आत्ताच ठरवून त्यांना सांगून ठेवा.