तुम्ही विचारलंत म्हणून: नाटक लिहायचंय, आधी कुठल्या टर्म्स शिकू?

एकांकिका स्पर्धांचा सीझन जवळ आला की कॉलेजच्या मुलामुलींकडून हा प्रश्न हमखास येतो. "दादा, पहिल्यांदाच लिहितोय, कुठल्या टर्म्स माहिती असायला हव्यात?" बरेचजण सोबत यादीच पाठवतात, त्यात संघर्ष, उत्कर्षबिंदू, सबटेक्स्ट, स्वगत, नेपथ्य, ब्लॅकआउट सगळं एका रांगेत. पण सगळ्यांचं वजन सारखं नाहीये. संघर्ष हा एक शब्द नीट कळला ना, की बाकीचे बरेचसे त्याच्या मागोमाग येतात.

आणि संघर्ष म्हणजे भांडण नव्हे. नवीन संहितांमध्ये पात्रं पान-पानभर एकमेकांवर ओरडत असतात आणि तरी काही घडत नसतं, कारण कुणाला नेमकं काय हवंय हेच ठरलेलं नसतं. एका पात्राला आत्ता, ह्याच खोलीत, समोरच्याच माणसाकडून काहीतरी हवंय आणि ते सहजासहजी मिळत नाहीये, बास, इतकं झालं की संघर्ष उभा राहिला, आवाज चढो न चढो.

समजा हॉस्टेलची रूम आहे. मुलगा नापास झालाय, घरी बोललेला नाही. वडील न कळवता गावाहून आलेत आणि त्यांना सगळं आधीच समजलंय. त्यांना हवंय की पोराने आपल्या तोंडाने सांगावं, आणि पोराला हवंय की बाबांनी लवकरात लवकर एसटी पकडावी. वडील कॉटवर बसून त्याच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालतायत.

"मेसचं जेवण बरं असतं ना?"
"बरंय."
"आणि झोप?"
"लागते की. बाबा, पाचची गाडी गेली तर मग डायरेक्ट साडेसातला आहे."

निकालाचं नाव कुणीच काढलं नाही, पण प्रेक्षकाच्या डोक्यात दुसरं काही नाहीये. हा सबटेक्स्ट. तो वेगळा "घालावा" लागत नाही, दोघांच्या गरजा ठरल्या की वाक्यांच्या खाली आपोआप वाहायला लागतो. आणि त्या घड्या म्हणजे रंगसूचना, नटाने रंगमंचावर काय करायचं ते सांगणारी कंसातली ओळ. कंसात "त्याच्या मनात वादळ उठतं" असं लिहिलंत तर नटाने करायचं काय? "शर्टाची घातलेली घडी मोडतो, परत घालतो" हे करता येतं, शेवटच्या रांगेतून दिसतंही.

प्रवेश, म्हणजे नाटकातला एक सीन, कधी संपवायचा हेही ह्यातूनच कळतं. दोघांपैकी एकाची बाजू बदलली, म्हणजे पोराने सांगून टाकलं किंवा वडील काही न विचारताच उठले, की प्रवेश संपला. सुचेनासं झालं म्हणून ब्लॅकआउट घेऊ नका, प्लीज. दर चार मिनिटांनी अंधार झाला की प्रेक्षकाला प्रत्येक वेळी नव्याने आत यावं लागतं आणि त्यात जमलेला ताण सांडतो.

पेरणी म्हणजे काय, असंही खूपजण विचारतात. पुढे कामी येणारी गोष्ट आधीच सहज दाखवून ठेवायची, ती पेरणी. त्यासाठी विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचा, १९६७ साली रंगभूमीवर आलेलं. त्यात एक नाटकमंडळी गावच्या हॉलमध्ये वेळ घालवायला खोटा खटला खेळते आणि त्यांच्यातल्याच शिक्षिका बेणारे बाईंना आरोपी करते. सुरुवातीला गावातला सामंत बेणारे बाईंना दाराच्या कडीबद्दल सांगतो, की ती नीट सरकवली नाही आणि दार ओढलं तर माणूस आत अडकतो. अगदी साधी, गावच्या हॉलची माहिती वाटते. पुढे तो खटला खेळता खेळता खरा होत जातो, बेणारे निघून जायला दाराकडे धावते आणि दार बाहेरून लागलेलं असतं! कडी आधी दाखवली नसती तर ही लेखकाची सोय वाटली असती, आता मात्र तिच्याबरोबर आपणही कोंडले जातो. आणि शेवटचं तिचं स्वगत, म्हणजे स्वतःशीच बोलणं, बघा, न्यायाधीश झालेला काशीकर तिला दहा सेकंद देतो, बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि ती भरभरून बोलते. म्हणजे आपण सगळं ऐकतो पण त्या खोलीतल्या एकालाही ते ऐकू गेलेलं नसतं. पात्राच्या मनातली माहिती प्रेक्षकाला पुरवायची म्हणून स्वगत लिहू नका, त्याला दुसरीकडे कुठे बोलायची जागाच उरली नसेल तेव्हा लिहा.

अंकांची फार चिंता नको. जुनी संगीत नाटकं पाच-पाच अंकी असायची, मग तीन अंक आले, आता बहुतेक नाटकं दोन अंकी असतात, आणि एकांकिकेत तर प्रश्नच नाही. विंग, लेव्हल, स्पॉट, ब्लॉकिंग हे शब्द तालमीला जाऊन बसलात की कानावर पडून पडून येतील, त्यासाठी पुस्तक नको.

ड्राफ्ट झाला की मित्रांना मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही स्वतः वाचू नका, कारण लेखक वाचताना कागदावर नसलेल्या गोष्टीही आवाजातून भरतो. वाचणारा जिथे उगाच सूर लावायला लागतो तिथे खूण करा आणि त्या पानावर पात्राला काय हवंय ते समासात एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही तर तो प्रवेश परत लिहायला घ्या.