मी गरम आहे!

जर्मन शिकताना ज्या लांबलचक शब्दांची मला धास्ती होती, त्यांनी आजवर कधी दगा दिला नाही. ते उच्चारण्याआधी माणूस दहादा विचार करतो. जीभ घसरते ती ‘काय उकडतंय’ म्हणताना.

जुलैचा महिना, बाहेर ३४ अंश आणि इथल्या बऱ्याच ऑफिसांसारखं आमचंही बिनएसीचं. मीटिंग सुरू होण्याआधी शर्टाचं वरचं बटण काढत मी म्हणालो, ‘इश बिन हाइस.’ शब्दशः ‘मी गरम आहे.’ समोरच्या बाईंनी ओठांपर्यंत नेलेला कप तसाच खाली ठेवला. शेजारचा सहकारी कानाशी पुटपुटला, की तू आत्ता सगळ्यांसमोर कामातुर असल्याचं जाहीर केलंयस. आणि वर बटणही काढतोयस.

म्हणायचं होतं ‘मीर इस्ट हाइस’. म्हणजे ‘मला गरम होतंय’. अहो, हे तर चक्क मराठी! ‘मी’ नाही, ‘मला’. मनातल्या मराठीवरून थेट उडी मारली असती तर सुखरूप पोचलो असतो, पण मध्ये इंग्रजी दलालासारखी बसलेली. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने १९०१ साली असं मांडलं, की बोलण्यातल्या चुकांमागे मनात दडपलेलं काहीतरी असतं. माझ्या मनात त्या क्षणी फक्त पंखा होता, हे मी शपथेवर सांगतो.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. शेजारच्या आजींनी रविवारी ‘हाल्ब द्राय’ला कॉफीला बोलावलं. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी साडेतीनला हसतमुखाने हजर. आजी अडीचपासून केक कापून बसलेल्या. इथे ‘अर्धे तीन’ म्हणजे तिसरा तास अर्धाच झालेला. घरी येऊन कपाळावर हात मारला, कारण आपलं ‘अडीच’ तरी कुठून आलं? संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून. तिसरा अर्धाच! आयुष्यभर जो शब्द बोललो, तोच जर्मन वेशात आला तर ओळखला नाही. (आकड्यांचं मात्र निभावतं. एकवीसमध्ये एक आधी, वीस मागून, इथेही तसंच. इंग्रजीवाले सहकारी तिथे अडखळतात आणि मला उगाच बरं वाटतं.)

याच आजींच्या अंगणात चेरीचं झाड आहे. चेरी म्हणजे ‘किर्शे’. चर्चचा शब्द जवळजवळ तसाच, फक्त ‘श’च्या जागी ‘ह’सारखी एक हलकी वाफ, जीभ टाळूजवळ नेऊन सोडलेली. आपल्या तोंडून दोन्हीकडे ‘श’च निघतो. मी आरशासमोर महिनाभर सराव करून ती वाफ कमावली. कमावली ती नको तिथे सुटली. कुंपणावरून कौतुक करायला गेलो आणि म्हणालो, ‘तुमची चर्चं यंदा फार गोड लागतात हो, पाखरं एकही शिल्लक ठेवत नाहीत.’

आजी कुंपण धरून हसल्या. मी ओशाळून सावरायला गेलो. ‘बोलताना चुकलो’ याला इथे ‘इश हाबे मिश फरश्प्रोखन’ म्हणतात. घाईत ‘मिश’ राहून गेलं. ते गळलं की उरतं ‘मी वचन दिलंय’. एकाच क्रियापदात चूक आणि वचन दोन्ही ठेवणाऱ्या भाषेला काय म्हणावं?

‘वचन? कसलं?’ आजींनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे होतं. त्यांनी भिंतीला टेकवलेली शिडी दाखवली, दोन बादल्या दाखवल्या आणि म्हणाल्या, ‘शनिवारी. हाल्ब द्राय.’

शनिवारी बरोब्बर अडीच वाजता मी झाडावर होतो.