चीनमधून मूल घरी आणताना: ते दोन आठवडे

चीनने २०२४मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. आता सावत्र मुलं आणि जवळच्या रक्ताच्या नात्यातलीच अपवाद. तोवर अमेरिकी कुटुंबांचा प्रवास साधारण असा असे.

आधी मुलाच्या प्रांताची राजधानी. मूल हातात मिळे, मग सहसा २४ तासांनी दत्तकाची नोंदणी. मूल अंगावर तीन-चार थर चढवूनच येई, उकाडा असला तरी. ते कपडे लगेच धुवायचे नाहीत. ओळखीचा वास तेवढाच उरलेला असतो.

मुलाच्या चिनी पासपोर्टसाठी काही दिवस थांबायचं. परतीचं तिकीट त्यावरच्या चिनी नावानेच काढायचं. घरी ठरवलेलं नवं नाव टाकलं की विमानतळावर घोळ झालाच म्हणून समजा.

पुढे ग्वांगझू शहर: वैद्यकीय तपासणी आणि अमेरिकी व्हिसा. खरी मेख इथेच. दोन वर्षांवरील मुलांना क्षयाची चाचणी लागे. ती पॉझिटिव्ह आली की एक्स-रे, आणि त्यातही संशय दिसला तर थुंकीचं कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी. त्याला आठ आठवडे लागू शकतात. म्हणून परतीचं तिकीट बदलता येणारंच घेणं बरं असे, महाग पडलं तरी.