पट्टी आली नाही म्हणजे दर शून्य नव्हे

मे संपत आला की आमच्याकडे रत्नागिरीजवळच्या पावसला बाबा वही काढून बसतात, वाशीच्या बाजारात आंब्याच्या किती पेट्या गेल्या, कुठल्या दलालाने काय दर दिला, हमाली तोलाई जाऊन हातात काय आलं. यंदा मी ते सगळं एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये भरलं. एकच टेबल, एक ओळ म्हणजे एका खेपेचा माल: तारीख, दलाल, पेट्या, दर. सगळं भरून झाल्यावर बाबांनी विचारलं, "मग पेटीमागे काय पडला रे दर?"

म्हटलं सोप्पं आहे, एव्हीजी म्हणजे सरासरी काढणारं फंक्शन लावू. समजायला चारच ओळी घेतो: मार्चमध्ये ५ पेट्या ५००० नी, एप्रिलमध्ये ४० पेट्या ३००० नी, मेमध्ये १०० पेट्या १५०० नी, आणि शेवटच्या ५५ पेट्या ज्यांची पट्टीच (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब) आली नव्हती म्हणून दर नल, म्हणजे रिकामा. एव्हीजी(दर) ने सांगितलं ३१६७. बाबा लगेच म्हणाले, "शक्यच नाही, मेचा माल केवढा गेलाय बघ." बरोबरच होतं त्यांचं, कारण एव्हीजीला पेट्या माहीतच नाहीत, त्याच्या लेखी मार्चची ५ पेट्यांची खेप आणि मेची १०० पेट्यांची खेप सारखीच, तो तीन दर घेतो आणि तीनने भागतो.

मग लिहिलं सम(पेट्या * दर) भागिले सम(पेट्या), सम म्हणजे बेरीज. उत्तर १४७५! सगळ्यात कमी दर १५०० आणि सरासरी त्याच्याही खाली कशी? बराच वेळ बघत बसलो तेव्हा कळलं, पट्टी न आलेल्या ओळीत पेट्या गुणिले नल म्हणजे नलच, तो वरच्या समने सोडून दिला, पण खालच्या सममध्ये त्या ५५ पेट्या आल्याच, म्हणजे २,९५,००० ला १४५ ऐवजी २०० ने भागलं गेलं. व्हेअर दर इज नॉट नल, म्हणजे फक्त दर भरलेल्या ओळी घे, असं लावल्यावर २०३४ आलं (दोन्ही पूर्णांक असले की एसक्यूलाइट पुढचे पैसे टाकून देतं, हवे असतील तर १.० ने गुणा).

दर कळला नाही म्हणून शून्य भरणारे खूप लोक बघितलेत, ते कृपया करू नका. इथे शून्य भरलं असतं तर एव्हीजी २३७५ आला असता आणि तो बघायला इतका बरा वाटतो की कुणाला शंकाही आली नसती. बाबांच्या वहीत पट्टी यायची असेल तिथे आडवी रेघ असते, शून्य कधीच नसतं, आणि नल म्हणजे तीच रेघ.

त्या रेघेचा फायदा पण आहे. काउंट(*) सगळ्या ओळी मोजतो, काउंट(दर) फक्त दर भरलेल्या, म्हणून ग्रुप बाय दलाल करून, म्हणजे दलालवार गट पाडून, त्या गटांवर हॅविंग काउंट(*) > काउंट(दर) ही अट लावली की कुणाकडे पट्टी अडकलीय ती यादीच समोर येते. हे व्हेअरमध्ये घातलंत तर एरर येईल, कारण व्हेअर गट पडायच्या आधी चालतो आणि हॅविंग नंतर. मला या सगळ्यात हीच क्वेरी सगळ्यात आवडली, बाबांना दरवर्षी यासाठी पानं उलटावी लागायची.

यादी बघून त्यांनी दलालाला फोन केला. काल पट्टी आली, ५५ पेट्या १२०० नी गेल्यात. नवीन सरासरी १८०५, बाबांनी वहीत रेघेवर १२०० लिहिलं आणि खाली पेन्सिलने १८०५.